फळवाल्याची शुगर

पायाला जखम झाली आहे, पण दुखत नाही, म्हणून तुम्ही ती अंगावर काढताय. तर हे मी तुमच्यासाठीच लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तर आनंदच आहे, पण तुम्ही मात्र शेवटपर्यंत वाचा. मी डॉक्टर नाही. परळला एका टॉवरखाली फळांची गाडी लावतो, आणि माझं लिहिणं-वाचणं पेपरापुरतं. माझी मुलगी प्रिया म्हणाली, "पप्पा, तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोला, मी टाइप करते." तेव्हा तसंच बोलतोय.

आधी धंद्याचं

आमचं घर लालबागला, चाळीत. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी फळांची गाडी लावली, आणि त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. मिलच्या जागी टॉवर उभे राहिले तसा माझा मालही बदलला. पूर्वी केळी, चिकू, मोसंबी. आता त्यांच्या जोडीला किवी, ड्रॅगन फ्रूट आणि थर्मोकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवलेल्या ब्लूबेरीच्या डब्या.

गिऱ्हाइकाने ब्लूबेरीकडे नुसतं बघितलं तरी माझी टेप सुरू व्हायची. "घ्या मॅडम, हार्टला एक नंबर. डोळ्यांना चांगली, डोक्याला चांगली. शुगरवाल्यांनी तर बिनधास्त खायची." हे मला कोणी शिकवलं नव्हतं. टॉवरमधली माणसं गाडीपाशी उभी राहून आपसांत बोलायची, ते ऐकून ऐकून पाठ झालं. मी स्वतः मात्र ब्लूबेरीचा एक दाणाही कधी तोंडात टाकला नव्हता.

कारण वडिलांचा नियम. विकायचा माल खायचा नाही. चांगलं फळ गिऱ्हाइकाचं, डागी फळ घरचं. दिवसभराचा डागी माल मी संध्याकाळी पिशवीत भरून घरी आणायचो. सालीवर काळी पडलेली केळी, दबलेले चिकू, एका बाजूने बसलेला हापूस, देठापासून सुटलेली द्राक्षं. माझी बायको सुलभा डाग कापून टाकायची आणि उरलेलं सगळं परातीत घ्यायची. आमच्यासारख्या घरात फळ टाकून देणं कोणाला जमत नाही.

पुढे माझं पोट सुटायला लागलं, तेव्हा मी डोकं चालवलं. रात्रीचा भात बंद, बांगडा-भाकरी बंद, जेवण म्हणजे फक्त फळं. टॉवरवाले पैसे देऊन डाएट करतात, आपण घरच्या घरी करू. दोघांसाठी वेगळं काय रांधायचं म्हणून सुलभाही माझ्याबरोबर परातीलाच बसायला लागली. प्रिया तेवढी शहाणी, ती आपली पोळी-भाजी करून घ्यायची. गॅलरीत उभा राहून मी शेजाऱ्यांना सांगायचो, मी रात्री अन्नाला शिवत नाही. आणि लोक खरंच माझ्याकडे कौतुकाने बघायचे.

दिवसभर घसा कोरडा पडायचा. उन्हात उभं राहिल्यावर तहान लागणारच, असं मी म्हणायचो. रात्री चार वेळा उठावं लागायचं, तर एवढं पाणी पितो म्हणून, असंही मीच म्हणायचो. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

डाळिंबाचा रस

सफरचंदाची लाकडी पेटी फोडताना एक खिळा मोडून खाली पडला, त्यावर माझा पाय पडला आणि तो चपलेचा तळ फोडून बोटात शिरला. ही माहिती मला नंतर मिळाली. तेव्हा मला काहीच कळलं नाही. मी दिवसभर त्याच चपलेत उभा राहून धंदा केला आणि चालत घरी गेलो.

घरात शिरल्यावर सुलभा माझ्यावर खेकसली, "अहो, डाळिंब तुडवून आलात काय? लादी बघा." लादीवर लाल ठसे उठले होते. तिने फडकं मारलं, मी मोरीत पाय धुऊन आलो, तर पुन्हा ठसा. तिने मला खाटेवर बसवलं, पाय वर घेतला आणि अंगठ्याशेजारच्या बोटातून खिळा उपटून काढला. मी शांतपणे बघत होतो. मला तर अभिमान वाटला, बघ आपली सहनशक्ती. हळद दाबली, चिंधी बांधली आणि सकाळी गाडीवर हजर झालो.

काही दिवसांनी घरात वास यायला लागला. मला वाटलं पिशवीत पेरू सडलाय. मी पिशवी उलटी केली, धुतली, गॅलरीत वाळत घातली. वास जाईना. प्रिया ऑफिसमधून आली, दारातच थबकली, मग माझ्या पायाजवळ वाकली. "पप्पा, वास पिशवीचा नाहीये," ती म्हणाली. तिने बसची वाट बघितली नाही, थेट टॅक्सी केली.

पेन

परळच्या म्युनिसिपल हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी आधी माझ्या हाताच्या बोटाला टोचून मशीनवर शुगर बघितली. मग दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा बघितली. आकडा मी इथे सांगत नाही, कारण लोक स्वतःचा आकडा त्याच्याशी ताडून बघतात आणि खूश होतात.

"काका, शुगर किती वर्षांपासून आहे?"

"मला शुगर नाही मॅडम. मी फार सांभाळून खातो."

"रात्री काय जेवता?"

मी छाती काढून सांगितलं, "फक्त फळं."

"कुठली? आणि किती?"

मी नावं सांगितली आणि दोन्ही हातांनी परात दाखवली. मॅडमनी सुलभाकडे बघितलं. सुलभाने मान हलवली, म्हणजे हो, एवढीच मोठी परात.

"काका, फळात साखर असते. जास्त पिकलेल्या फळात तर ती लगेच अंगाला लागते."

"पण ती नॅचरल असते ना?" हे वाक्यही गाडीवरचंच.

"तुमच्या रक्ताला ते माहीत नाही," त्या म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि पेनाच्या टोपणाने तळपायाला स्पर्श करत गेल्या. "इथे लागतंय?"

मी विचारलं, "कुठे?"

सुलभाने माझा खांदा घट्ट धरला. तोपर्यंत मला वाटत होतं की मलमपट्टी करून घरी पाठवतील. मॅडम म्हणाल्या, शुगरमुळे पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत, जखम हाडापर्यंत गेली आहे, आजच ॲडमिट व्हा. बोट बहुतेक काढावं लागेल. विष वर चढलं तर पाय. "पाय" हा शब्द त्यांनी हळू उच्चारला. मी साफ घाबरलो, हे लपवण्यात काही अर्थ नाही. फळवाल्याचा धंदा उभ्याने चालतो. पाय गेला तर पेटी कोण उचलणार, पहाटे वाशीच्या मार्केटला कोण जाणार?

वॉर्ड

वॉर्डात दिवस लवकर सुरू होतो. आधी बोटाला टोचणं, मग पोटात इन्सुलिन, मग चहा, तोही बिनसाखरेचा. त्यानंतर ड्रेसिंग. शिंदे सिस्टर ड्रेसिंग करताना गप्पा मारायच्या, आज स्ट्रॉबेरी काय भावाने आहे, आंबा कधी उतरणार. मी उत्तर देण्यात गुंतलो की त्या आपलं काम उरकायच्या. त्यांची ही युक्ती मला कळली होती, तरी मी रोज त्यात आनंदाने फसायचो.

शेजारच्या खाटेवर शीवला राहणारे एक काका होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. ते दिवसभर पेपर वाचायचे आणि अधूनमधून, जिथे पाय नव्हता तिथली चादर खाजवायचे. मी तिकडे बघायचं टाळायचो. एकदा त्यांनीच विचारलं, "घाबरलास काय रे?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "घाबर. मी घाबरलो नाही, दुर्लक्ष केलं. तुझं बरं आहे, वेळेत आलास." त्या एका वाक्याने मला जेवढा धीर आला, तेवढा भेटायला आलेल्या पन्नास माणसांनी मिळून दिला नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण फळं घेऊन यायचा. फळवाल्याला शुगर झालीय आणि त्याला बघायला येताना फळं. चाळीतले आले ते सफरचंदं घेऊन आले, त्यांवरचं मेण मला लांबून दिसत होतं. मेव्हणा केळी घेऊन आला, औषध मारून पिकवलेली. "कुठून घेतलीस? फसवलं तुला," मी म्हणालो. सुलभाने डोळे वटारले.

सुलभाने धंदा बंद पडू दिला नव्हता. सकाळी गाडी, दुपारी घर, संध्याकाळी माझ्याजवळ. ती माझ्याशी बोलायची, पण तिच्या आवाजात राग असायचा. परातीला मीच बसवलं होतं तिला, आणि आता सगळा भारही तिच्यावर टाकून मी खाटेवर लोळत होतो. ती तसं म्हणाली नाही, पण डबा टेबलावर ठेवताना आवाज जरा मोठा यायचा.

डबी

टॉवरमधल्या नाडकर्णी मॅडम माझं जुनं गिऱ्हाईक. एका संध्याकाळी त्या भेटायला आल्या आणि ब्लूबेरीची डबी माझ्या हातात ठेवली. "तुमच्याच गाडीवरून घेतली," त्या म्हणाल्या. "वहिनी म्हणाल्या, हार्टला चांगली, डोळ्यांना चांगली, शुगरवाल्यांनी बिनधास्त खायची." सुलभा खिडकीतून बाहेर बघायला लागली. माझी टेप तिच्याही तोंडात बसली होती.

मॅडम गेल्या. मी डबी वर-खाली करून बघितली. माल एक नंबर होता. दाणे टणक, वरची पांढरी पूड तशीच्या तशी, तळाला रसाचा डाग नाही. मी सुलभाला म्हणालो, "उद्या परत गाडीवर ठेव. सील तुटलेलं नाही."

ती वळली. "काय म्हणालात?"

"एवढा चांगला माल आहे. आपण काय करायचा?"

तेव्हा ती जे बोलली ते सगळा वॉर्ड ऐकत होता. "आयुष्यभर चांगलं दुसऱ्यांना विकलंत आणि सडकं माझ्या परातीत ओतलंत. मी पण मुकाट खाल्लं. आता बोट जायची वेळ आली तरी तुम्हाला हा माल गिऱ्हाइकाचाच वाटतो? तुम्ही गिऱ्हाईक नाही, मग कोण आहात? डागी?"

शीवच्या काकांनी पेपर खाली केला. सुलभाने डबीचं सील फाडलं. ती नळाखाली डबी धुऊन आणेपर्यंत डॉक्टर मॅडम राउंडला आल्या, आणि मी लगेच तक्रार केली, "मॅडम, हिला सांगा, मला फळ बंद आहे."

मॅडम म्हणाल्या, "परात बंद आहे, मूठभर फळ बंद नाही." मग खाटेच्या कडेला टेकून त्यांनी नीट समजावलं. ब्लूबेरीत साखर आहेच, पण आंबा-चिकूच्या मानाने कमी, आणि साल-बियांसकट खाल्ली जाते म्हणून चोथा जास्त, त्यामुळे शुगर एकदम उसळत नाही. तिचा जो जांभळा-काळा रंग आहे, त्यातले घटक रक्तवाहिन्यांना चांगले असं संशोधनात दिसतंय. "पण काका, गोळ्या, इन्सुलिन आणि ड्रेसिंगची जागा ब्लूबेरी घेणार नाही. तुमचं बोट बरं करणारं फळ मार्केटला आलेलं नाही. आलं तर मला आधी सांगा."

"आणि हीच का? एवढी महाग?" सुलभाने विचारलं.

"हीच असं कुठे म्हटलं? जांभूळ खा, करवंद खा, आवळा खा. आपल्याकडची गडद रंगाची फळं काही कमी नाहीत. फक्त मूठभर, जेवणाऐवजी नाही, आणि रस काढून नाही."

सुलभाने माझ्या तळहातावर दाणे ठेवले. मी पहिला दाणा चावला. खरं सांगू, चव काही जगावेगळी नव्हती. थोडी आंबट, थोडी गोड, साल जरा करकरीत. पण घरात अख्खं, कुठूनही न कापलेलं फळ खाल्ल्याचं मला आठवेना. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. उरलेली डबी सुलभाने शीवच्या काकांपुढे धरली, शिंदे सिस्टरांपुढे धरली, आणि शेवटचे चार दाणे स्वतः खाल्ले.

एक बोट

ऑपरेशन झालं. अंगठ्याशेजारचं बोट गेलं. पाय राहिला. शुद्धीवर आल्यावर मी आधी चादर वर करून बघितलं, आणि पट्टीत गुंडाळलेला का असेना, पाय जागेवर बघून असा जोरात श्वास सोडला की सिस्टरला वाटलं मला दम लागलाय.

बरं व्हायला वेळ लागला, आणि तो तुम्हालाही लागेल. शुगर ताब्यात आली की जखम भरते, नाहीतर भरत नाही. मी गोळी एकदाही चुकवली नाही. रात्री पुन्हा भाकरी, भाजी, तव्यावरचा बांगडा आणि मोजकं. परात माळ्यावर गेली. अनवाणी घरातही चालत नाही, पायात बंद बूट असतात, आणि गाडीवर मी आता उंच स्टूल ठेवलंय. उभ्यानेच धंदा होतो असं कोणी मला सांगितलं होतं देव जाणे. बसूनही लोक फळं घेतात.

गाडीवर आता माझं बोलणं जरा लांबलंय. ब्लूबेरी चांगलीच आहे, मी विकतो म्हणून सांगत नाही, मी खातो म्हणून सांगतो. डबी घेताना उलटी करून तळ बघा. वरची पांढरी पूड म्हणजे औषध नव्हे, ती ताजेपणाची खूण आहे. खायच्या वेळीच धुवा, आधी धुऊन ठेवली तर बुरशी धरते. साखरेत घोळवून सुकवलेली आणि जॅममधली, ती ब्लूबेरी असली तरी शुगरवाल्यांसाठी नाही. शुगर आहे का विचारतो, आणि आहे म्हणालं की सांगतो, मूठभर, आणि डॉक्टरला विचारून. "बिनधास्त" हा शब्द मी काढून टाकलाय. खप कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही.

सुलभा

एका गोष्टीवरून मात्र घरात रोज वाद. परातीला माझ्याबरोबर सुलभाही बसत होती, म्हणून मी आणि प्रिया तिच्या मागे लागलो, की तूही रक्त तपासून घे. ती ऐकेना. "मला काय धाड भरलीय? दोघंही आजारी पडलो तर गाडी कोण बघणार?" तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती भांडी घासायला घेते. शेवटी प्रियाने ऑफिसला दांडी मारली आणि तिला हाताला धरून नेलं.

शुगर निघाली. पण नुकतीच सुरू झालेली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, वेळेत आलात, एक गोळी, चालणं आणि खाणं सांभाळलं की निभावेल. वर सांगितलं, दोघांनीही रोज तळपाय बघायचे, चीर, फोड, लाली, काहीही असलं तर लगेच यायचं.

माझे तळपाय सुलभाच बघायची, रोज संध्याकाळी, मोबाइलचा टॉर्च लावून. माझं पोट आड येतं, मला वाकता येत नाही. पण तिचे? गुडघे दुखतात म्हणून तिलाही पाय वर घेता येत नव्हता. "माझं मी बघेन," असं म्हणून ती टाळत राहिली. मग एका संध्याकाळी ती खाटेवर बसली होती, तेव्हा मी तिच्यासमोर लादीवर बसलो आणि म्हणालो, "आण पाय."

तिने दोन्ही पाय साडीत ओढून घेतले. "काहीतरीच काय. नवऱ्याने पायाला हात लावायचा? मला पाप लागेल. आणि दार उघडं आहे, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनाही सांग घरी जाऊन बघायला."

चाळीत दार लावून बसायची पद्धत नाही. समोरच्या वहिनी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या आणि त्यांचे हात थांबले होते. मी सुलभाचा पाय हातात घेतला. टाच भेगाळली होती, कडेला घट्टा पडला होता. मी खाटेवर होतो तेव्हा माझ्या जागी उभा राहिलेला पाय होता तो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो पहिल्यांदाच नीट बघत होतो. मला तिची माफी मागावीशी वाटली. मी टॉर्च जवळ नेला आणि बोट तळव्यावरून फिरवत गेलो, हळूहळू, टाचेपासून करंगळीपर्यंत.

अर्ध्या वाटेत तिने पाय झटक्यात मागे घेतला. मी दचकलो. बघतो तर ती तोंडावर पदर धरून हसत होती.

"अहो, गुदगुल्या होतायत."

म्हणजे तिच्या तळव्याला अजून सगळं कळत होतं. मग दुसरा पाय मागितला.